ऑगस्ट 2019 ची वॅगनआर: सर्व्हिसची फाईल भरलेली, रिकॉल मात्र बाकी

कराडच्या एका शाळेत शिकवणारे सर नोव्हेंबर 2024 मध्ये सेकंडहँड गाडी शोधतायत. बजेट चार लाखांच्या आसपास, रोजचा वापर शाळा आणि घर, आणि महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला सासुरवाडी. त्यांना एमएच-50 पासिंगची वॅगनआर मिळते, एक लिटर पेट्रोल, 38 हजार किलोमीटर चाललेली. मालक निवृत्त बँक अधिकारी. गाडी दसऱ्याला, म्हणजे 8 ऑक्टोबर 2019 ला घरी आली आणि तेव्हापासून एकाच हातात आहे. सगळी बिलं फाईलला लावलेली. अशी फाईल दिसली की घेणाऱ्याचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

यातली माणसं आणि त्यांची गाडी मी समजावून सांगण्यासाठी उभी केली आहे. मॉडेल, उत्पादनाच्या तारखा, रिकॉलचे (दोषाच्या शंकेवरून कंपनीने गाड्या परत बोलावून मोफत दुरुस्त करण्याचे) आकडे आणि कायद्याची कलमं मात्र जाहीर झालेली, खरी आहेत. हेच मॉडेल निवडण्याचं कारण पुढे येईलच.

फाईल उघडू. पहिल्या तीन सर्व्हिस फ्री असतात: एक हजार किलोमीटर किंवा एक महिना, पाच हजार किंवा सहा महिने, दहा हजार किंवा एक वर्ष. त्यानंतर दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला पैसे भरून. ‘यातलं जे आधी येईल ते’ ही ओळ पुस्तिकेत छापलेली असते आणि आपल्याकडे तीच सर्रास सोडून दिली जाते. या गाडीचं वर्षाचं चालणं साडेसात हजारांच्या आसपास. अशा गाडीचे मालक म्हणतात, “अजून दहा हजार कुठे झालेत?” आणि सर्व्हिस पंधरा-सोळा महिन्यांवर जाते. खरं तर कमी चालणाऱ्या गाडीलाच वेळेचा हिशोब जास्त लागू होतो. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. ऑइलमध्ये शिरलेला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला तेवढा वेळच मिळत नाही, आणि ऑइल किलोमीटर न होताच खराब होतं.

आमच्या बँकवाल्या काकांनी मात्र हे पाळलेलं आहे. दुसरी फ्री सर्व्हिस एप्रिल 2020 मध्ये यायची, तेव्हा लॉकडाउन होता. ती पुढे ढकलून ऑगस्टमध्ये झाली. 2021 आणि 2022 ची सर्व्हिस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. वॉरंटी तेव्हा दोन वर्षं किंवा 40 हजार किलोमीटर असायची (तीन वर्षं आणि एक लाख किलोमीटर हे जुलै 2024 पासूनच्या गाड्यांना), ती ऑक्टोबर 2021 ला संपली. मग 2023 ची सर्व्हिस गावातल्या ओळखीच्या गॅरेजला. 2024 ची अजून व्हायची आहे.

आता बिलं वाचू, कारण बेरीज बघून बिल कळत नाही. 2022 च्या बिलात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचं वॉशर, एअर फिल्टर आणि लेबर आहे. एवढंच काम असेल तर या वर्गातल्या गाडीची सर्व्हिस तेव्हा साधारण चार ते सहा हजारांत बसायची. शहर, ऑइलचा प्रकार आणि लेबरचे दर यांप्रमाणे थोडं इकडेतिकडे. पण बिल साडेआठ हजारांचं आहे, कारण खाली तीन ओळी जास्तीच्या आहेत: एसी इव्हॅपोरेटर (हवा थंड करणारा भाग) क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारा भाग) क्लीनिंग, इंटिरियर क्लीनिंग. 2021 च्या बिलातही याच तीन ओळी आहेत. गाडीचा एसी नीट चालतो, इंजिन आयडलिंगला थरथरत नाही, तरी दोन्ही वर्षं हे काम झालंय. एस्टिमेट सांगताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर भराभर वाचतो, “हे करून घ्या सर, पावसाळा झालाय,” म्हणतो आणि माणूस मान हलवतो. तक्रार असेल तर ही कामं उपयोगाची आहेत. तक्रार नसताना दरवर्षी करण्याची नाहीत, आणि देखभालीच्या तक्त्यात ती ठरल्या मुदतीची कामं म्हणून नसतात.

आणि जे तक्त्यात आहे ते मात्र पाच वर्षांत एकदाही झालेलं नाही. ब्रेक ऑइल. सगळी बिलं दोनदा तपासा, ती ओळ कुठेच नाही.

इथे जरा थांबायला हवं, कारण सर कुंभार्ली घाटातून जाणार आहेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डबी बंद असली तरी होज आणि सील यांमधून तो हळूहळू आत जातोच. मानकाप्रमाणे नवं डॉट-3 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शिरल्यावर ही हमी 140 अंशांवर येते. डॉट-4 साठी हेच आकडे 230 आणि 155. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की डिस्कची उष्णता कॅलिपरमधल्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागातल्या) ऑइलपर्यंत पोचते. ते उकळलं की वाफ तयार होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. गाडी थंड झाल्यावर सगळं पुन्हा ठीक, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ऑइल आणि मजुरी धरून खर्च इव्हॅपोरेटर साफ करण्याइतकाच किंवा कमी. पाच वर्षांत दोनदा व्हायला हवं होतं. मी सरांच्या जागी असतो तर या एका ओळीसाठी किंमत कमी करायला लावली नसती, पण गाडी हातात आल्यावर पहिलं काम हेच केलं असतं.

टायरही जुने आहेत, कडेच्या लंबगोलात 2819 असे चार आकडे: 2019 चा अठ्ठाविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसते, पण रबराचं वय पाच वर्षं झालंय. एखाद-दोन वर्षांत चार टायरांचा खर्च येणार, तो आजच भावात धरायचा. या इंजिनला टायमिंग चेन आहे, त्यामुळे काही गाड्यांमध्ये ठराविक किलोमीटरला येणारा टायमिंग बेल्टचा मोठा खर्च इथे नाही.

इथवर फाईल पाहून बहुतेक जण व्यवहार उरकतात. मेकॅनिकला गाडी दाखवली, एक चक्कर मारली, टोकन दिला. पण या गाडीत सगळ्यात महत्त्वाचा जो प्रश्न होता, त्याचं उत्तर फाईलमध्ये असायचं कारणच नव्हतं.

नवी वॅगनआर जानेवारी 2019 मध्ये बाजारात आली. तिच्या 2018-19 मध्ये बनलेल्या एक लिटर गाड्यांबाबत मारुती सुझुकीने तीनदा रिकॉल जाहीर केला. पहिला ऑगस्ट 2019 मध्ये: 15 नोव्हेंबर 2018 ते 12 ऑगस्ट 2019 या काळात तयार झालेल्या 40,618 गाड्या, पेट्रोलचा होज धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता. दुसरा जुलै 2020 मध्ये: 15 नोव्हेंबर 2018 ते 15 ऑक्टोबर 2019 या काळातल्या 56,663 वॅगनआर आणि त्यासोबत 78,222 बलेनो, कारण फ्यूएल पंपात (टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे पाठवणारा पंप) संभाव्य दोष. तिसरा मार्च 2024 मध्ये: 30 जुलै ते 1 नोव्हेंबर 2019 या काळातल्या 11,851 बलेनो आणि 4,190 वॅगनआर. या वेळी कारण जरा नेमकं सांगितलं होतं. फ्यूएल पंपाच्या मोटारमधला एक भाग सदोष असू शकतो, आणि क्वचित प्रसंगी त्यामुळे इंजिन बंद पडू शकतं किंवा सुरूच होत नाही.

या तीन तारखा एकाखाली एक लिहून बघा. 30 जुलै ते 12 ऑगस्ट 2019 या दोन आठवड्यांत बनलेली एक लिटर वॅगनआर तिन्ही रिकॉलच्या कक्षेत येऊ शकते. सरांनी बघितलेल्या गाडीच्या आरसीवर उत्पादनाचा महिना आहे 08/2019. लोक दसऱ्याची डिलिव्हरी लक्षात ठेवतात, आरसीवर आधी नोंदणीची तारीख वाचतात, आणि ‘आमची तर ऑक्टोबरची’ म्हणून पुढे जातात. रिकॉलच्या तारखा उत्पादनाच्या असतात. कारखान्यातून निघून यार्डात दोन महिने उभी राहिलेली गाडी दसऱ्याला नवी म्हणून हार घालून घरी आली, तरी तिचा जन्म ऑगस्टचाच. आरसीवर दिवस नसतो, त्यामुळे 12 ऑगस्टच्या आधीची की नंतरची हे आरसी सांगू शकत नाही. ते फक्त चेसिस नंबर सांगतो.

बरं, काकांच्या फाईलमध्ये रिकॉलचं काही नाही असंही नाही. ऑगस्ट 2020 च्या जॉब कार्डवर (वर्कशॉपने केलेल्या कामाची नोंद) एक छोटी ओळ आहे: फ्यूएल पंप तपासणी, चार्ज शून्य. काकांनी ती सरांना अभिमानाने दाखवली.

“हे बघा, कंपनीचं ते पंपाचं काम तेव्हाच झालंय.”

“काका, तपासणी झालीय. पंप बदलल्याचं लिहिलेलं नाही.”

पूर्ण प्रकरण या दोन वाक्यांवर फिरतं. जुलै 2020 च्या रिकॉलमध्ये गाड्या तपासायच्या होत्या आणि दोष आढळला तरच भाग मोफत बदलायचा होता. तपासणीत पास झालेल्या गाडीचा जुना पंप तसाच राहू शकतो. पावणेचार वर्षांनी, मार्च 2024 मध्ये, त्याच भागासाठी नवी यादी आली. पण तोवर काकांचा मोबाइल नंबर बदललेला होता, वर्कशॉपशी संबंध 2022 लाच संपला होता, आणि गावातल्या गॅरेजवाल्याला कंपनीची यादी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मेसेज गेला असणारच, पण बंद पडलेल्या नंबरवर.

नियमित सर्व्हिसमध्ये हे लक्षात यायला नको होतं का, असं वाटणं स्वाभाविक आहे. यायला नको होतं असं नाही, येऊच शकत नव्हतं. फ्यूएल पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो दर दहा हजारांना उघडून बघायचा भाग नाही, आणि देखभालीच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. त्याच सुमारास होंडाने भारतात जून 2020 मध्ये 2018 साली बनलेल्या 65,651 गाड्या परत बोलावल्या, तेव्हा कारण दिलं होतं पंपातल्या इम्पेलरचं. इम्पेलर म्हणजे पेट्रोल पुढे ढकलणारी प्लास्टिकची छोटी चकती. अमेरिकेत 2020 च्या सुरुवातीला टोयोटाने डेन्सो या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या पंपांसाठी सुमारे 7 लाख गाड्या बोलावल्या, तिथल्या कागदपत्रांत यंत्रणा स्पष्ट लिहिली आहे: कमी घनतेच्या रेझिनची चकती पेट्रोल शोषून फुगते, वाकते, बाजूच्या आवरणाला घासते आणि पंप अडकतो. मारुतीने आपल्या घोषणेत चकतीचा उल्लेख केला नव्हता, तेव्हा तिथे हेच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण अशा प्रकारचा दोष असेल तर तो सावकाश वाढतो, बाहेरून दिसत नाही, ऑइल बदलून टळत नाही, आणि पहिला इशारा मिळतो तो सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो तेव्हा किंवा थेट रस्त्यावर.

रस्त्यावर म्हणजे काय, हे घाटातून जाणाऱ्याने डोळ्यांसमोर आणावं. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की ब्रेक बूस्टरला (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) मिळणारा व्हॅक्यूम थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागत नाही असं नाही, पण पायाला कितीतरी पट जोर द्यावा लागतो. स्टेअरिंगचा आधार गेला तर तेही जड. चढावर मागे ट्रक, वळणावर एसटी. इंजिन बंद पडण्याची शक्यता कितीही कमी म्हटली तरी ज्यासाठी फुकट दुरुस्ती हजर आहे, तो धोका गाडीत ठेवून फिरायचं काहीच कारण नाही.

अशी गाडी बाहेरच्या गॅरेजला गेली की खर्चही चुकीच्या जागी होतो. सकाळी सेल्फ जास्त लागतो म्हटलं की आधी बॅटरी बदलली जाते, मग प्लग, मग थ्रॉटल बॉडी साफ होते. शेवटी पंपावर बोट ठेवलं जातं आणि काही हजारांचा पंप मालकाच्या खिशातून येतो. एक गोष्ट तर फार कमी लोकांना माहीत आहे: सुटा भाग म्हणून बसवलेला पंपही सदोष खेपेतला असू शकतो. होंडाने ऑक्टोबर 2024 मध्ये भारतात 90,468 गाड्यांसाठी पंपाचा रिकॉल जाहीर केला, त्यात जुन्या मॉडेलच्या अशाही गाड्या होत्या ज्यांना हा भाग आधी सुटा म्हणून बसवला गेला होता. त्या रिकॉलमधल्या बहुतेक गाड्या 2017-18 मध्ये बनलेल्या. म्हणजे सहा-सात वर्षांनी बोलावणं आलं. एवढ्या वर्षांत गाडी किती हातांतून जाते, याचा विचार करा.

मला या विषयात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. रिकॉल चिकटतो चेसिस नंबरला, आणि निरोप जातो पहिल्या मालकाच्या फोनला. सेकंडहँड व्यवहारात फॉर्म 29 भरतो, फॉर्म 30 भरतो, पीयूसी आणि विमा दाखवतो, हप्ता असेल तर बँकेचं ना हरकत पत्र जोडतो. नाव बदलताना गाडीची सगळी ओळख सरकारी यंत्रणेसमोर असते. त्याच पडद्यावर ‘या चेसिसवर रिकॉलचं काम बाकी आहे’ अशी एक ओळ दिसायला हवी. नवा मालक त्या वेळी आपला पत्ता आणि नंबर देतच असतो.

कायदा मात्र आता आहे. 2012 पासून वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेची ऐच्छिक संहिता होती, तिच्यानुसार कंपन्या स्वतःहून रिकॉल जाहीर करायच्या. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आलं आणि सरकारला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे कंपनीने स्वतः पाऊल उचललं नाही आणि सक्तीने रिकॉल करावा लागला, तर 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. ऑगस्ट 2019 च्या गाडीची ही मुदत ऑगस्ट 2026 ला भरते. कंपनीने आधीच जाहीर केलेला रिकॉल ही वेगळी गोष्ट, ते काम करून घ्यायला मालक कितवा आहे हे कुणी विचारत नाही.

तर सरांनी काय केलं? आरसीवरून पूर्ण चेसिस नंबर उतरवून घेतला. मारुतीच्या गाड्यांचा तो एमए3 ने सुरू होतो आणि पुढे चौदा अक्षर-आकडे असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल तपासायच्या पानावर तो टाकला. ओ आणि शून्य यांत घोळ होतो म्हणून बॉनेट उघडून प्लेटवरचा नंबर पुन्हा ताडून पाहिला. उत्तर आलं की गाडी यादीत आहे, जवळच्या वर्कशॉपशी संपर्क साधा.

काकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं आता गाडी ‘खराब’ ठरली आणि भाव पडणार. हा गैरसमज सगळीकडे आहे आणि त्यापायी विकणारे रिकॉल लपवतात. बाकी असलेला रिकॉल म्हणजे कंपनीच्या खर्चाने मिळणारा नवा भाग. काम पूर्ण झालेली गाडी त्याच वयाच्या, कधी न तपासलेल्या गाडीपेक्षा चांगली. भावात त्याचा काही फरक पडू नये, असंच माझं मत. सरांनीही एक रुपया कमी मागितला नाही. अट एकच घातली: टोकन आज देतो, उरलेले पैसे पंप बदलल्याचं जॉब कार्ड हातात आल्यावर.

काम विकणाऱ्याने करून देणं बरं, कारण गाडी त्याच्या नावावर आहे आणि व्यवहार झाल्यावर प्रत्येकाला दुसरं काम असतं. काकांनी फोन करून वेळ घेतली. भाग मागवावा लागतो, त्यामुळे तारीख आठवड्यानंतरची मिळाली. गाडी सोडताना सरांच्या सांगण्यावरून काकांनी दोन गोष्टी जॉब कार्डवर लिहून घेतल्या: रिकॉलचं काम ‘तपासणी’ आहे की ‘बदल’, आणि याच चेसिसवर आणखी काही बाकी आहे का. पहिल्या रिकॉलचं होजचं काम डिलिव्हरीआधीच झाल्याची नोंद त्यांच्या सिस्टिममध्ये निघाली. दुपारपर्यंत पंप बदलून झाला. बिल शून्य. अ‍ॅडव्हायझरने विचारलं, “सर्व्हिसही ड्यू आहे, घेऊ का करून? इव्हॅपोरेटर क्लीनिंगवर ऑफर आहे.” काकांनी सांगितलं, “गाडी आता सरांची, त्यांना विचारा.” सरांनी फोनवर फक्त ऑइल, ऑइल फिल्टर आणि ब्रेक ऑइल करायला सांगितलं, खर्च स्वतःच्या नावावर. एअर फिल्टर 2022 चाच होता, तो साफ करून परत बसवला.

नाव बदलून आरसी आल्यावर सर पुन्हा त्या वर्कशॉपला गेले. काउंटरवर त्यांनी चेसिस नंबर दिला आणि गाडीच्या नोंदीतला काकांचा जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर काढून स्वतःचा घालून घेतला.